रक्तातील साखरेचा जागता पहारा

अंत्रुज महालात जत्रेची रात्र ही नाटकाचीही रात्र असते. पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून परतली की रंगमंचाचा पडदा उघडतो, आणि शेवटचा अंक संपेपर्यंत पूर्वेकडे फटफटू लागलेले असते. अशा रात्री साठी उलटलेला एखादा गृहस्थ सायंकाळी नेहमीच्या वेळी इन्सुलिनची सुई टोचून घेतो. पाहुण्यांच्या गडबडीत जेवण मात्र लांबते, त्यात देवळापर्यंतची वाट तो पायी चालून जातो. दुसऱ्या अंकाच्या सुमारास त्याला दरदरून घाम फुटतो, बोटे थरथरू लागतात, शेजारी बसलेल्याचे बोलणे कानांवर पडते पण उमगत नाही. मंडळींना वाटते, जागरणाने थकला असेल. वस्तुतः त्याच्या रक्तातील साखर उतरत उतरत धोक्याच्या रेषेखाली गेलेली असते, आणि अर्धा-पाऊण तास तसाच गेला तर त्याची शुद्ध हरपण्याचा संभव असतो.

मधुमेह म्हटला की साखर वाढण्याचीच चिंता सर्वांच्या मनात येते. ती योग्यच आहे; परंतु उपचार घेणाऱ्या रुग्णाला साखर अकस्मात उतरण्याचे भय तितकेच असते. गोमंतकात तर हा विषय घरोघरचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने देशातील ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे प्रमाण शेकडा ११.४ आढळले, आणि गोव्यात ते शेकडा २६.४ म्हणजे सर्व राज्यांत अधिक निघाले. चार प्रौढांत एक मधुमेही, असा या आकड्याचा सरळ अर्थ होतो.

हा शत्रू ओळखण्याची साधने मात्र फार सावकाश सुधारत गेली. रुग्णाच्या मूत्राला मुंग्या लागतात, ही प्राचीन वैद्यांची खूण होती. पुढे बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. परीक्षानळीत मूत्राचे काही थेंब घालून ती तापवली की द्रावण हिरवे, पिवळे किंवा विटकरी होई, आणि त्या रंगावरून साखरेचा अंदाज बांधावयाचा. पण मूत्रात साखर उतरते ती सामान्यतः १०० मिलिलिटर रक्तात ती १८० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेल्यावर. म्हणजे ही चाचणी उशिरा बोले. आणि साखर उतरल्याविषयी तर ती मुळीच काही सांगू शकत नसे. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासण्याचे यंत्र घरोघरी आले तेव्हा मोठीच सोय झाली. तरी तो थेंब त्या एका क्षणाची साक्ष देतो. सकाळी सात वाजता ११० असलेली साखर चढत होती की उतरत होती, हे त्याला ठाऊक नसते.

नेमकी हीच उणीव दंडावर बसविण्याचा संवेदक भरून काढतो. मोठ्या नाण्याएवढी ही चकती दंडाच्या मागच्या बाजूस चिकटवितात. तिच्या पोटातून निघालेली केसासारखी बारीक तार कातडीखाली काही मिलिमीटर शिरते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर बसविलेले असते. ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया होताच सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. साखर जितकी अधिक, तितका प्रवाह अधिक. या युक्तीचे मूळ १९६२ साली अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी मांडलेल्या कल्पनेत आहे. १९९९ साली तेथे मान्यता मिळालेले पहिले यंत्र जेमतेम तीन दिवस नोंद घेई, आणि ती नोंद मागाहून फक्त डॉक्टर वाचीत. बोट न टोचता चौदा दिवस चालणारा संवेदक युरोपात २०१४ साली आला. दर काही मिनिटांनी घेतलेली नोंद आता मोबाईलवर दिसते. आकड्याशेजारी एक बाण असतो, आणि मागे दिवसभराचा चढउतार रेषेने काढलेला असतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ही तार रक्तवाहिनीत नसते. पेशींच्या अवतीभवती जो द्रव असतो, त्यातील साखर ती मोजते. फोंड्याच्या आसपास ज्यांची कुळागरे आहेत त्यांना हा भेद सहज कळेल. झरीचे पाणी पाटाने येते आणि पाटातून माडापोफळीच्या आळ्यात झिरपते. वर पाणी सोडल्याबरोबर आळे भरत नाही, आणि वर बंद केल्याबरोबर ते कोरडेही पडत नाही. रक्त हा पाट मानला तर संवेदक आळ्यातले पाणी मोजीत असतो. म्हणून साखर वेगाने चढत वा उतरत असताना त्याचा आकडा पाच ते पंधरा मिनिटे मागे राहू शकतो. घाम व थरथर सुरू झाली आहे, आणि पडद्यावर मात्र ८५ दिसत आहेत, असे झाल्यास शरीरावर विश्वास ठेवावा आणि बोट टोचून खात्री करून घ्यावी. उलटही घडते. रात्री त्याच दंडावर निजल्याने तेथील द्रवाचे वहन अडते व यंत्र साखर उतरल्याचा खोटा इशारा देते. कूस बदलली की आकडा काही वेळाने पूर्वपदावर येतो.

आकड्याहून मोलाचा आहे तो बाण. १२० हा आकडा शांत आहे. पण त्याशेजारचा बाण सरळ खाली वळलेला असेल, तर बसने पणजीस निघालेल्या माणसाने आधी काही खाऊन घ्यावे हे उत्तम. जत्रेतल्या त्या गृहस्थाला पहिल्या अंकातच हा बाण दिसला असता. साखर ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि मग नीट जेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

रेषेचा दुसरा उपयोग स्वयंपाकघरात होतो, आणि तो फार मनोरंजक आहे. उकड्या तांदळाची पेज, गोड्या तांदळाचे शीत, पोदेराचा पाव यांची रेषा प्रत्येकाच्या शरीरात निराळी उमटते. एकाला सकाळची पेज मानवते, दुसऱ्याला तीच पेज तासाभरात २२० वर नेते. तेच शीत निम्मे घेऊन आधी भाजी आणि हुमणातली मासळी खाल्ली, आणि हात धुतल्यावर वीस मिनिटे अंगणात फेऱ्या मारल्या, तर चढ पुष्कळ वेळा बोथट होतो. चतुर्थीतल्या नेवऱ्या आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या यांविषयी डॉक्टरांनी वर्षानुवर्षे केलेला उपदेश जिथे पोचला नाही, तिथे स्वतःच्या शरीराने काढलेली ही रेषा पोचते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

पण याच रेषेने घातही होतो. जेवणानंतर दोन तासांनी साखर २४० दिसताच अधीर झालेला रुग्ण इन्सुलिनची आणखी एक मात्रा घेतो. जेवणापूर्वी घेतलेल्या जलद इन्सुलिनचे काम सुमारे चार तास चालू असते, हे तो विसरतो. दोन्ही मात्रा मध्यरात्री एकत्र येतात आणि घरचे सारे झोपलेले असताना साखर कोसळते. डॉक्टरांनी आखून दिलेल्या नियमावाचून केवळ पडद्याकडे पाहून मात्रा वाढविणे म्हणजे विषाची परीक्षा घेणेच होय.

तीन महिन्यांच्या सरासरीची जी रक्तचाचणी सर्वांना परिचित आहे, ती या बाबतीत कमी पडते. दोघांची सरासरी ७ टक्के असू शकते. एकाची साखर सदैव १५० च्या आसपास असते, दुसरा ५० आणि ३०० यांच्यात हेलकावे खात असतो. म्हणून २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी वेगळी मोजपट्टी सुचविली. साखर ७० ते १८० या मर्यादेत दिवसाचा किती काळ राहते ते पाहावे, आणि बहुतेक प्रौढांत तो काळ शेकडा ७० हून अधिक, म्हणजे सुमारे सतरा तास असावा. वृद्धांना मात्र मुद्दाम सवलत दिली आहे. त्यांना निम्मा दिवसही पुरे. परंतु ७० च्या खालचा काळ शेकडा एकाहून कमी, म्हणजे दिवसाकाठी पंधरा मिनिटांच्या आतच हवा. कारण जुन्या मधुमेहात घाम, थरथर ही इशाऱ्याची लक्षणेच पुष्कळदा मंदावतात, आणि वृद्ध माणूस चक्कर येऊन पडला तर मोडलेले हाड साखरेहून मोठे दुखणे होऊन बसते.

हे साधन स्वस्त नाही. एका संवेदकास काही हजार रुपये पडतात आणि दोन आठवड्यांनी तो टाकून द्यावा लागतो. ज्या मुलांना जन्मभर इन्सुलिनवाचून गत्यंतर नाही, ज्यांची साखर रात्री वरचेवर उतरते, ज्या गर्भवतींना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी हा खर्च आधी व्हावयास हवा. केवळ गोळ्यांवर ज्यांचे ठीक चालले आहे त्यांनी तो बारमाही लावण्याची निकड नाही. वर्षातून एकदा दोन आठवडे लावून, त्या दिवसांत खाल्लेले, चाललेले, झोपलेले सारे वहीत टिपून डॉक्टरांपुढे ठेवले तरी पुष्कळ काम होते.

विकत घेण्यापूर्वी दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा. काही संवेदक मोबाईल जवळ नेल्यावरच बोलतात, काही आपण होऊन रात्री घंटा वाजवून जागे करतात. ज्याला रात्रीचे भय आहे त्याने पहिल्या जातीचा घेतला तर पैसे खर्चूनही पहारा झोपलेलाच राहील. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, दमट हवेने व घामाने चिकटपट्टी सुटू लागते. चकती बसविण्यापूर्वी दंड साबणाने धुऊन पुरता कोरडा करावा, तेल लावू नये, आणि वरून एक जादा पट्टी लावून घ्यावी. नाहीतर चौदा दिवसांचा संवेदक पाचव्या दिवशीच पंचात गुंडाळलेला सापडतो.