बागेतले तण आणि आपली लेकरे

सार्वजनिक बाग म्हणजे गरिबाच्या लेकरांचे अंगण. परभणीचे राजगोपालाचारी उद्यान असो की वस्तीतल्या विहारापुढचे मैदान, आपली मुले तिथेच गवतावर लोळतात. त्या गवतावर तणनाशक फवारले, तर ते आधी कोणाच्या अंगावर येते? पाठीवर पंप घेणाऱ्या कामगाराच्या, मग लेकरांच्या.

ग्लायफोसेट हे तणनाशक जगभर खपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. अमेरिकेचे सरकारी खाते हे मानत नाही. पण तिथेच शाळेच्या मैदानावर फवारणी करणारे कृष्णवर्णीय कामगार ड्वेन जॉन्सन यांना कर्करोग झाला आणि २०१८ साली न्यायालयाने मोन्सँटो कंपनीला जबाबदार धरले. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध वेगळे, पण धोका पत्करणारा मजूरच.

डॉ. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात देशाचे मजूर खाते सांभाळले. त्यांचे अनुयायी म्हणून आम्ही मागतो ते एवढेच: फवारणीआधी पाटी लावा, त्या दिवशी बाग बंद ठेवा, कामगाराला हातमोजे, बूट, मास्क द्या. त्याहून बरे म्हणजे खुरपणी करून घ्या. आमच्या मायबहिणींना रोजही मिळेल.

भगिनींनो, फवारणीचे कपडे वेगळे धुवा. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी कधीही वापरू नका. आणि बागेत काय फवारले, हे विचारायला कचरू नका.