म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका



या पानावर आम्ही लागण, खते, पाणी, खोडवा यांविषयी लिहीत आलो. या अंकातला विषय उसाचा नाही, ऊस लावणाऱ्या माणसाचा आहे. गटात फिरताना वयस्कर सभासदांची गाठ पडतेच. सकाळी ऊसनोंद देऊन गेलेले बापू दुपारी त्याच गटनंबरची नोंद द्यायला परत येतात. पावती कोठे ठेवली ते आठवत नाही, म्हणून घरात रोज वाद होतो. मग चारचौघे म्हणतात, "वय झालं, म्हातारचळ लागला," आणि विषय तिथेच मिटतो. तो तसा मिटू नये, यासाठी हे लिहीत आहोत.

ऊस पिवळा पडला तर जाणता शेतकरी लगेच पोते फोडीत नाही. लोह कमी पडले तर केवडा पडतो, पाणी साचले तरी पान पिवळे होते, आणि कधी बुडखा उकरावा तर हुमणी निघते. विसरण्याचेही तसेच आहे. विसर हे लक्षण झाले. मागे रोग असतो, आणि तो एकच नसतो. आठवण, हिशेब, बोलणे, वाट ओळखणे ही कामे रोजचा व्यवहार अडावा इतकी ढासळली की डॉक्टर त्याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. मोटार बंद करायची राहिली, हे कोणाचेही होते. पण वीस वर्षे हाताळलेला स्टार्टर कसा दाबायचा हेच सुचेना, तर ते साधे विसरणे नव्हे. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढच्या शंभर माणसांत सातांहून थोड्या अधिकांना हा विकार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. उरलेल्या नव्वदांवर लोकांना तो नाही. तेव्हा नुसत्या वयावर बोट ठेवून चालणार नाही.

यांतला मोठा रोग अल्झायमर. जगातल्या शंभर रुग्णांत साठ ते सत्तर याचेच. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई डॉक्टर आलोइस अल्झायमर यांच्यापुढे आली. नवऱ्यावर विनाकारण संशय, वस्तू लपवून ठेवणे, असे चालले होते. डॉक्टरांनी पेन्सिल, पेन, किल्ली दाखवली. तिने नावे बरोबर सांगितली. जरा वेळाने काय दाखवले ते विचारले, तर सांगता येईना. नवऱ्याचे नाव विचारले तर स्वतःचेच सांगे. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तो झिजलेला, पेशींत तंतूंचे गुंते झालेले आणि बाहेर ठिपके साचलेले आढळले.

आपल्याकडेही चित्र हेच दिसते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडल्याची हकीकत आजोबा तपशिलासह सांगतील, पण सकाळची न्याहारी झाली की नाही ते सांगता येणार नाही. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो, म्हणून जुने टिकते आणि ताजे जाते. पुढे तोच प्रश्न दहादा, शब्द सापडेना, ओळखीच्या पाणंदीत वाट चुकणे, दिवस कलला की अस्वस्थपणा. "माझे पैसे घेतले" हा आळ तर घरोघरी ठरलेला. बिचाऱ्या सुनांवर तो किती वेळा आला असेल, कोण जाणे!

रक्तदाब, साखर, तंबाखू यांमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडूनही बुद्धी ढासळते. ती बऱ्याचदा पायरीपायरीने उतरते. काहींना नसलेली माणसे दिसतात आणि चाल मंदावते. काहींची आठवण बरी, पण पन्नाशीतच स्वभाव पालटतो. दारूने बी-१ जीवनसत्त्व आटले की माणूस आठवणीतल्या भोकाला मनची गोष्ट रचून ठिगळ लावतो. ते खोटे बोलणे नसते.

आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. यांतले काही विकार उपचाराने सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. माळकरी घरात दूधही कमी झाले तर ते उणे पडते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते घटू शकते (गोळी मात्र मनाने बंद करू नये). हातपायांना मुंग्या आणि सोबत विसर असेल तर ही तपासणी हवीच. थायरॉईड मंदावला तरी माणूस सुस्त व विसराळू होतो. बैलगाडीवरून किंवा मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसला, रक्त आले नाही म्हणून दुर्लक्ष झाले, आणि काही आठवड्यांनी माणूस बरळू लागला, तर कवटीच्या आत रक्त साकळलेले असू शकते. स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते. मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या आणि कमी ऐकू येणे यांनीही विसरल्यासारखे दिसते. एका-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर तो बहुधा जंतुसंसर्गाचा, सोडियम घटल्याचा किंवा अंगातले पाणी कमी झाल्याचा असतो. त्या वेळी वाट न बघता दवाखाना गाठावा.

अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. काही गोळ्यांनी थोडा काळ आधार मिळतो. मग घरच्यांनी हुज्जत घालू नये. कीटकनाशक व तणनाशकाच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात, उघड्या विहिरीकडे एकटे सोडू नये, खिशात नाव, गाव आणि मुलाचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी. शेअर्सचे नामनिर्देशन आणि बँकेची कागदपत्रे माणसाला समजते आहे तोवर त्याच्याच इच्छेने पुरी करावीत. समज गेल्यावर अंगठा घेऊन केलेल्या व्यवहारातून भावाभावांत कोर्ट उभे राहते.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या न्याव्यात. रोज जवळून बघणारी सून किंवा मुलगा बरोबर असावा, कारण रुग्ण स्वतः "मला काय धाड भरलीय?" एवढेच सांगतो.