जलसत्तेची दोन रूपे : मेरा आणि गौतम

चित्रकथेतील अद्भुत सामर्थ्याचे नायक आणि पुराणांतील तपस्वी यांची तुलना करताना ‘गौतम ऋषी हा आपल्याकडील जलनायक’ असे समीकरण मांडण्याचा मोह अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे. ते कितपत टिकते, हे मात्र दोन्ही कथांच्या रचनेवरूनच ठरवावे लागेल.

अमेरिकन चित्रकथेत अ‍ॅक्वामॅन १९४१ मध्ये अवतरला. पाण्याखाली जगणे आणि जलचरांना आज्ञा देणे, हे त्याचे मूळ सामर्थ्य. प्रत्यक्ष पाण्यावर सत्ता चालवते ती १९६३ मध्ये त्याच्याच मालिकेत आलेली मेरा. ती केवळ इच्छेने पाणी घट्ट करते, त्याला भिंतीचा वा शस्त्राचा आकार देते. येथे संघर्ष दोन इच्छांमध्ये होतो. पाण्याला स्वतःची इच्छा नसते, ते साधन असते.

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराची कथा शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत येते. तिचा आरंभ अवर्षणाने होतो. गौतम वरुणाकडे पाऊस मागतो. परंतु दैवी आज्ञा ओलांडणे आपल्या अधिकारात नाही, असे खुद्द जलदेवताच सांगते. अखेर गौतमाला मिळतो तो हातभर खड्डा आणि त्यातील अक्षय पाणी. पुढील अनर्थही याच पाण्यावरून घडतो. आधी कोणी भरावे, यावरून गौतमाचे शिष्य आणि ऋषिपत्नी यांच्यात तंटा होतो. त्यातून कपटाने रचलेली गाय गौतमाच्या शेतात येते आणि त्याने मूठभर गवताने हाकलताच मरून पडते. या आळाच्या क्षालनासाठी गंगेची याचना करावी लागते.

गंगा येते तीही आज्ञाधारकपणे नव्हे. ती राहण्यास अटी घालते, आणि कपटी ऋषी स्नानास येताच अदृश्य होते. ब्रह्मगिरीवर प्रकटणारी आणि पुनःपुन्हा लुप्त होणारी ही गंगा गौतमाने कुशांचे वेष्टन घालून अडविली, अशी कुशावर्ताच्या नावाची परंपरागत उपपत्ती आहे. या उपपत्तीसह कथा वाचली असता एक लक्षणीय गोष्ट दिसते : ज्या तृणाने गौतमावर दोष आणला, त्याच जातीच्या तृणाने नदी थांबते. मेराचे पाणी घट्ट होऊन शस्त्र बनते. येथे बंधनच क्षीण आहे, आणि नदीच्या संमतीवाचून ते टिकणारे नाही.

म्हणून दोन्ही व्यक्तिरेखांना ‘जलशक्ती’ या एकाच सदरात घालणे अपुरे ठरते. एकीत सामर्थ्य व्यक्तीच्या ठायी वसते. दुसरीत ते वरुणाची मर्यादा, ऋषींचा मत्सर आणि गंगेची इच्छा यांच्यामध्ये विभागलेले आहे. मिथकाच्या अभ्यासात ‘कोण समर्थ?’ या प्रश्नाइतकाच ‘त्या सामर्थ्याला कोण अडवतो?’ हा प्रश्न महत्त्वाचा मानावयास हवा.

गौतमाच्या खड्ड्यावरील तंटा केवळ पुराणापुरता राहिलेला नाही. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी सोडावे, या वादात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला २०१४ मध्ये आदेश द्यावा लागला. आधी कोणी भरावे, हा गोदावरीच्या कथेतील मूळ प्रश्न आहे. त्याला एकट्या नायकाचे उत्तर त्या कथेनेही दिलेले नाही.