उघड्या अंगाची चिकित्सा
नग्नतावाद्यांचा सर्वांत जुना ज्ञात क्लब निघाला तो युरोपात नव्हे, मुंबई इलाख्यात. १८९१ साली चार्ल्स क्रॉफर्ड या इंग्रज जिल्हा न्यायाधीशाने तो काढला. सभासद जेमतेम तीन! चळवळ फोफावली मात्र जर्मनीत. धुरकट शहरांत कोंडलेल्यांनी ऊन-वारा थेट अंगावर घ्यावा, म्हणजे क्षयापासून मज्जातंतूंच्या दुबळेपणापर्यंत सारे बरे होईल, असा प्रचार चाले. स्वित्झर्लंडमध्ये डॉ. ऑगस्ट रोलिए हाडांच्या क्षयाच्या रुग्णांना डोंगरउन्हात निजवत, त्यामुळे या म्हणण्याला वजन आले. तथ्य होते, पण उन्हापुरते: अतिनील किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, मुडदूस टळतो. त्यासाठी लंगोट उतरवायची काहीच गरज नव्हती. शिवाय उन्हाच्या अतिरेकाने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.