पोरगी उडी मारते, आपण काय करायचं?

शाळेच्या खेळांचे दिवस आले की आपल्या कामठ्यासारख्या गावात एखादी पोरगी घरी येऊन सांगते, "लांब उडीत माझं नाव आलं." आपण "बरं झालं" म्हणतो आणि कामाला लागतो. धावायचं आणि उडी मारायची, त्यात शिकायचं काय, असं आपल्याला वाटतं. पण शिकायचं पुष्कळ असतं, आणि घरच्यांनीही थोडं समजून घ्यावं लागतं. म्हणून आज आम्ही उडीच्या तयारीबद्दल बोलणार आहोत.

आधी लांब उडी. पोरगी लांबून धावत येते, जमिनीत बसवलेल्या 20 सेंटिमीटर रुंद फळीवर एक पाय टेकवते आणि वाळूत उतरते. पाय फळीच्या पुढच्या कडेबाहेर गेला की लाल झेंडा, उडी बाद. उडी बरोबर असली तर वाळूत फळीच्या सर्वांत जवळ जी खूण उमटते, तिथपर्यंत माप धरतात. म्हणजे पाय कितीही पुढे गेले आणि तोल जाऊन हात मागे टेकला, तर माप हातापासूनच. एका सेंटिमीटरची किंमत काय असते ते झाशीच्या शैली सिंगला विचारा. आईने शिवणकाम करून वाढवलेली ही मुलगी 2021 मध्ये नैरोबीला 20 वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत 6.59 मीटर उडाली. सुवर्णपदक 6.60 मीटरला गेलं. तिला रौप्य मिळालं.

पाय नेमका फळीवर पडावा म्हणून पावलं मोजून ठेवतात. पोरीने फळीवर उभं राहायचं आणि उलट्या दिशेने पूर्ण जोरात धावायचं. नवशिकीला बारा-चौदा पावलं पुरतात. शेवटचं पाऊल जिथे पडेल तिथे मैत्रिणीने खूण करायची. मग त्या खुणेपासून फळीकडे धावून पाहायचं आणि खूण थोडी मागेपुढे सरकवायची. ओल्या जमिनीवर किंवा समोरच्या वाऱ्यात पावलं आखूड पडतात, म्हणून स्पर्धेच्या दिवशी त्या मैदानावर पुन्हा तपासायचं.

आता उंच उडी. यात एकाच पायावरून उडावं लागतं आणि सलग तीनदा दांडी पाडली की खेळ संपतो. आपल्या महाराष्ट्राचा सर्वेश कुशारे नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. सुरुवातीला त्याच्या शाळेत गादी नव्हती, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी मक्याचा भुसा भरून गादी केली. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो 2.15 मीटरवर थांबला, 2.20 मीटर त्याला जमलं नाही. पुढच्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो 2.28 मीटर उडाला आणि सहावा आला. त्या स्पर्धेच्या उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. हरियाणातल्या बोस्ती गावची पूजा सिंग गवंड्याची मुलगी. तिने तणसाने भरलेली पोती आणि बांबूची दांडी घेऊन सुरुवात केली. 2025 मध्ये ती 1.89 मीटर उडून आशियाई विजेती झाली.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, तणस तर आपल्याकडे धान निघालं की ढिगाने असते. खरं आहे, पण इथे एक गोष्ट नीट ऐका. उंच उडी दोन तऱ्हेने मारतात. एकीत कात्रीसारखा एक पाय, मग दुसरा पाय दांडीवरून काढून पायांवर उतरतात. दुसरीत पाठ दांडीकडे करून डोक्याकडून जातात आणि पाठ-खांद्यांवर पडतात. ही तऱ्हा डिक फॉसबरी या अमेरिकन खेळाडूने 1968 च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकून जगाला दाखवली. मोबाईलवर पोरी हीच उडी पाहतात. पाठीवर पडायला जाड फोमची गादी लागते, स्पर्धेत ती 70 सेंटिमीटर जाड असते. वाळूवर, गवतावर किंवा पोत्यांवर ती उडी मारली तर मानेला आणि कण्याला इजा होऊ शकते. म्हणून गादी आणि शिकवणारा माणूस नसेल तिथे फक्त कात्री उडी, तीही पायांवर उतरून. एवढं एक वाक्य घरोघरी पोचवा.

रोज उड्या मारल्या म्हणजे तयारी चांगली होते असं नाही. उडताना टेकणाऱ्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो, आणि वाढत्या वयात हाडं अजून पक्की व्हायची असतात. आठवड्यात दोन दिवस उड्या, दोन दिवस जोरात पळणं, एक-दोन दिवस पोटा-पायाचे व्यायाम आणि किमान एक दिवस पूर्ण आराम. नडगीत किंवा गुडघ्यात एकाच जागी रोज दुखत असेल तर उड्या थांबवून डॉक्टरला दाखवायचं. स्पर्धेच्या आधीचे चार-पाच दिवस सराव कमी करायचा. त्या दिवसांत तिला डोक्यावरून पाणी आणायला किंवा दिवसभर बांधीत वाकायला लावू नका.

खाणं महाग नको. भात-वरण आहेच, त्याला अंडं, मासोळी, फुटाणे, शेंगदाणे, पालेभाजी आणि वर लिंबू जोडा. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती खाल्ली का ते विचारा. स्पर्धेच्या दिवशी दोन-तीन तास आधी रोजचंच हलकं जेवण द्या. नवा पदार्थ नको, उपाशीपोटी तर नकोच.

पाळी आली की खेळ बंद, असं पुष्कळ घरांत होतं. पाळीत पळण्या-उडण्याने गर्भाशयाला काही होत नाही. फार दुखत असेल तर आराम, नाहीतर सराव चालू. मात्र सराव करणाऱ्या पोरीची सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर ती कमी खात असेल किंवा फार थकत असेल. तिला दवाखान्यात न्या.

आता गटाचं काम. शाळेच्या खड्ड्यातली वाळू पावसाने दगडासारखी बसते, ती चाळून, खोदून सैल करायला चार बायांची एक सकाळ पुरते. तालुक्याहून जिल्ह्याला, मग विभागाला नागपूरकडे आणि पुढे राज्याला, अशी ही शर्यत जाते. कितीतरी पोरी उडीत हरत नाहीत. सोबत जायला बाई माणूस नाही, म्हणून घरीच राहतात. गटाच्या बैठकीत वहीत दोन गोष्टी लिहा: गावातल्या कोणत्या पोरी खेळतात, आणि यंदा त्यांच्यासोबत कोण जाणार. पुढच्या बैठकीत त्या वहीतलं पहिलं नाव वाचून दाखवा.