फळ्यापासून बाजूला व्हायला शिकताना

रॉबर्ट ली मूर १९२० साली टेक्सास विद्यापीठात परतले आणि १९६९ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत, शिकवत राहिले. त्यांच्या वर्गात पाठ्यपुस्तक नसे. काही गृहीतकं, काही व्याख्या आणि प्रमेयांची विधानं एवढंच ते देत. सिद्धता विद्यार्थ्यांनी शोधायची. पुस्तक उघडायचं नाही, एकमेकांना विचारायचं नाही. मग एकाने फळ्याशी जाऊन आपली सिद्धता मांडायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली फट हेरायची. मूर बहुतेक वेळ गप्प असत. त्यांच्या हाताखाली ५० जणांनी पीएच.डी. केली. रेमंड वाइल्डर, गॉर्डन व्हायबर्न आणि आर. एच. बिंग हे तिघे पुढे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. मेरी एलन रुडिन यांनी संस्थितीशास्त्रात मोठं नाव कमावलं.

ही रीत पसरली ती गाण्याच्या घराण्यासारखी. जो त्या वर्गात बसला, तोच पुढे तसं शिकवू लागला. बाहेरच्या कुणाला ती उचलायची असेल तर रस्ता नव्हता. आणि त्या वर्गाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं, हेही स्वच्छ सांगायला हवं. मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेत नसत. व्हिव्हियन मेलोन-मेज यांनी १९६६ साली त्याच विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली, पण मूर यांचा वर्ग त्यांना बंदच राहिला. विद्यापीठाने मूर यांचं नाव इमारतीवरून काढलं ते २०२० साली. ‘विद्यार्थ्यावर विश्वास ठेवा’ असं सांगणारी ही परंपरा कुणाला विद्यार्थी मानायचं हे ठरवताना इतकी कोती होती. पुढच्या काळातलं सर्वांत मोलाचं काम या दोन गोष्टींची फारकत करण्याचं होतं, असं मला वाटतं.

ते काम मुख्यतः गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं. मूर यांच्या वर्गात शिकलेल्या हॅरी लुकास यांनी एज्युकेशनल अॅडव्हान्समेंट फाउंडेशनमार्फत पैसा उभा केला. शिकागो, मिशिगन, टेक्सास आणि सांता बार्बरा इथल्या विद्यापीठांत शोधाधारित, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः शोधून शिकायच्या, गणिताची केंद्रं चालली. उन्हाळ्यात कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी कार्यशाळा भरू लागल्या. तेव्हा कॅलिफोर्नियात असलेले स्टॅन योशिनोबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यशाळांना रूप दिलं. २०१५ पासून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून त्या वाढल्या आणि त्या चालवणारे नवे प्रशिक्षकही तयार होऊ लागले.

चार दिवसांच्या या कार्यशाळांत काय घडे, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रत्यक्ष तासांची चित्रफीत दाखवायची आणि शिक्षकाने कुठे तोंड उघडलं, कुठे थांबून राहिला, चुकीची सिद्धता फळ्यावर आली तेव्हा काय केलं, यावर बोलायचं. संशोधनलेख वाचायचे. आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाने येत्या सत्रात शिकवायच्या आपल्याच एका विषयासाठी प्रश्नांची माळ रचायची: पहिला प्रश्न सगळ्यांना जमेल असा, दहावा घाम काढणारा, आणि मधल्या पायऱ्या अशा की विद्यार्थी प्रमेयापर्यंत आपल्या पायांनी पोचेल. हे रचणं व्याख्यान तयार करण्यापेक्षा कितीतरी अवघड. व्याख्यानात आपल्याला काय येतं ते मांडायचं असतं. इथे समोरच्याला काय सुचेल आणि तो कुठे अडेल याचा अंदाज घ्यावा लागतो.

प्राध्यापकांच्या शंका कुठल्याही देशात शोभतील अशाच. पोर्शन पूर्ण होणार का? मुलं म्हणतील, सर शिकवतच नाहीत, मग काय करायचं? खात्यातले सहकारी काय म्हणतील? म्हणूनच कार्यशाळेनंतर वर्षभर ईमेलवरून मार्गदर्शन सुरू ठेवलं गेलं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या सँड्रा लॉर्सन आणि त्यांच्या गटाने या प्राध्यापकांचा पाठपुरावा केला. निम्म्याहून अधिक जणांनी वर्षभरात ही रीत वर्गात आणल्याचं त्यांना दिसलं. एक मोठं कारण असं की ‘मूर यांचीच रीत जशीच्या तशी’ हा आग्रह सुटला होता. गटात बसून सोडवा, फळ्यावर मांडा, थोडं व्याख्यानही द्या; विद्यार्थ्याने स्वतः गणित केलं पाहिजे एवढी अट. एकमेकांशी बोलू न देणाऱ्या मूर यांच्या वर्गातून निघालेली वाट अशी गटचर्चेपाशी पोचली.

परिणामांची बाजू मात्र सरळ नाही. लॉर्सन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या वर्गांवर २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या वर्गांत मुलींचा आत्मविश्वास मुलांपेक्षा मागे पडत होता आणि शोधाधारित वर्गांत तो फरक दिसला नाही. त्याच वर्षी स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा केवळ व्याख्यानं ऐकणारे विद्यार्थी नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. पण २०२० साली अमूर्त बीजगणिताच्या वर्गांवरच्या एका अभ्यासात उलटं चित्र दिसलं: शोधाधारित वर्गांत मुलांचे गुण मुलींपेक्षा जास्त होते, तुलनेसाठी घेतलेल्या वर्गांत तो फरक नव्हता. नुसतं ‘बोला, चर्चा करा’ म्हटलं की ज्यांना बोलायची सवय आहे तेच बोलतात. लॉर्सन आणि ख्रिस रास्मुसेन यांनी २०१९ मध्येच शोधाधारित अध्यापनाच्या चार आधारांत वर्गातल्या न्याय्य वागणुकीला स्थान दिलं होतं, ते किती गरजेचं होतं हे यातून कळतं.

आपल्याकडेही याला समांतर काही घडलं. १९९३ साली, मुंबई विद्यापीठात असताना, एस. कुमरेसन यांनी एमटीटीएसची (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिरं सुरू केली आणि नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सने त्यांना पाठबळ दिलं. तिथेही प्रश्न विचारत, विद्यार्थ्याला फळ्याशी उभं करत गणित उलगडलं जातं. त्या शिबिरांतून गेलेली कितीतरी मुलं पुढे प्राध्यापक झाली. अडचण येते ती ते आपल्या कॉलेजात परततात तेव्हा. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. अमेरिकेतला प्राध्यापक बहुधा आपली परीक्षा आपणच काढतो, म्हणून दोन प्रमेयं सोडून तिसऱ्यावर आठवडा घालवणं त्याला परवडतं. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांना ही मोकळीक आता बऱ्याच अंशी आहे. दुसऱ्या वर्षाचं रेषीय बीजगणित किंवा वास्तव विश्लेषण, एवढा एकच विषय एखाद्या खात्याने असा शिकवायला घ्यावा. त्यासाठी दोन शिक्षकांना उन्हाळ्यात चार दिवस आणि नंतर वर्षभर एकमेकांच्या तासाला बसायची मुभा द्यावी, हे मी प्रत्येक विभागप्रमुखाला सांगत राहणार आहे.