मृगातली धूळ

माण-खटाव किंवा आटपाडी-जतकडे थंडीतल्या निरभ्र रात्री मृग डोक्यावर येतो. बाणाच्या तीन चांदण्यांच्या जरा खाली एक धुरकट ठिपका दिसतो. तो वायूचा आणि धुळीचा ढग. तिथे तारे जन्मतात.

धूळ कसली? वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे कण, मायक्रोमीटरहूनही बारीक. ते ताऱ्यांचा उजेड अडवतात, स्वतः तापतात आणि ती ऊब दूरच्या अवरक्त किरणांत सोडतात. तापतात म्हणजे किती, तर अशा ढगांतली बरीचशी धूळ उणे २५० ते उणे २२० अंश सेल्सिअसवर असते! ती ऊब आपल्या हवेतली वाफ वाटेतच गिळते, तेव्हा महाबळेश्वरच्या माथ्यावर दुर्बीण नेऊनही उपयोग नाही.

म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण फुग्याला टांगली. हैदराबादच्या तळावरून हायड्रोजन भरलेला, वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ प्लास्टिकचा हा अजस्र फुगा तिला ३० किलोमीटरच्या आसपास नेतो. बहुतेक सगळी हवा तेव्हा खाली राहिलेली असते. धुळीची मंद ऊब टिपायची, तर टिपणारं उपकरणही गारठलेलं हवं; त्यासाठी द्रवरूप हेलियम.

१९९९पासून या दुर्बिणीला जपानी शास्त्रज्ञांच्या वर्णपटमापकाची जोड मिळाली. तो कार्बनची वर्णपटातली १५८ मायक्रोमीटर तरंगलांबीची रेषा वाचतो. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे काम. तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण धुळीच्या कणांतून इलेक्ट्रॉन उडवतात, त्या इलेक्ट्रॉनांनी वायू तापतो, आणि ती उष्णता कार्बन याच रेषेतून बाहेर टाकतो. धुळीच्या उजेडापुढे ही रेषा शंभरात जेमतेम एक भाग, कित्येकदा त्याहूनही कमी. पण वायू निवला नाही तर आकसणार कसा, आणि आकसला नाही तर तारा कुठला? मृगातल्या ढगावर ही रेषा कुठवर पसरली आहे, याचा नकाशा या दुर्बिणीने काढला.

काम संपलं की दुर्बीण फुग्यापासून सुटते आणि रंगीत पॅराशूटने उतरते, एखाद्या अनोळखी रानात. वरचा वारा पूर्वेकडून असला की फुगा सोलापूरच्या रोखाने सरकतो. त्याच रेषेत पुढे आपला माणदेश. उड्डाणांच्या हंगामात गावोगावच्या लोकांना आवाहन केलं जातं: असं सामान सापडलं तर हात लावू नका, उघडू नका, पोलिसांना कळवा. आत जास्त दाबाची वीज असू शकते, आणि माणसांनी जपलं तरच ती दुर्बीण परत जाते. तोच १ मीटरचा आरसा असा पुनःपुन्हा वर गेला आहे.